चार दिवस रसावर

चौदा वर्षांपासून मी रोज दुसऱ्यांसाठी स्वयंपाक करते. रामदासपेठेतल्या दवाखान्यांमध्ये जे पेशंट भरती असतात, त्यांच्या नातेवाइकांना माझ्या घरून डबे जातात. भंडारा, गोंदिया, बालाघाट, गडचिरोली, कुठून कुठून माणसं येतात. पेशंटच्या खाण्याकडे सगळ्यांचं लक्ष असतं. त्याच्यासोबत आलेला माणूस जेवला की नाही, हे कोणी विचारत नाही. माझे वडील भरती होते तेव्हा मी स्वतः बारा दिवस बिस्किटं आणि समोसे खाऊन काढले होते. वडील बरे होऊन घरी आले आणि पुढच्याच महिन्यात मी सहा डबे सुरू केले. आता सकाळी चाळीस जातात, संध्याकाळी तीस. पोळ्या लाटायला दोन बाया येतात. भाजी, वरण, भात माझ्याकडे. माझा नवरा स्कूटरवर डबे पोचवतो आणि रिकामे परत आणतो. वडील गेल्यापासून आई आमच्याकडेच राहते.

या चौदा वर्षांत मी ताट वाढून घेऊन बसून जेवले, असे दिवस फार थोडे. भाजी चाखायची, वरण चाखायचं, तव्यावरून उतरलेली फाटकी पोळी तशीच तोंडात टाकायची. मधे मधे चहा. चार वाजता सगळं आवरलं की उरलेला भात गंजातच, त्याच पातेल्यात, कालवून ओट्याशी उभ्यानं खायचा. मला कोणी विचारलं, जेवलीस का, तर मला खरंच आठवायचं नाही.

आधी पोटात जळजळ सुरू झाली. मग गुडघे धरले. मग हातांची बोटं. ब्लडप्रेशरची गोळी लागली. साखर काठावर आली. दुखणं थांबावं म्हणून मी एक गोळी घ्यायची, त्या गोळीनं पोट जळायचं म्हणून दुसरी घ्यायची, आणि दोन्ही चहासोबत. असं सहा-सात वर्षं चाललं. गेल्या डिसेंबरात एका थंड सकाळी वरणाचा गंज उतरवताना माझ्या हाताची बोटं मिटलीच नाहीत. गंज सुटला. चाळीस जणांचं वरण फरशीवर वाहत गेलं आणि मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले. पाय भाजले नाहीत एवढंच. त्या दिवशी डब्यात वरणाऐवजी घाईघाईनं केलेली कढी गेली.

डॉक्टरीणबाई माझ्या ओळखीच्या. साठीच्या आहेत, दवाखाना रामदासपेठेतच, आणि दुपारचा डबा माझ्याकडूनच जातो. त्यांनी बोटं दाबून पाहिली, रक्त तपासायला दिलं आणि म्हणाल्या, "दुखण्याची गोळी अशी रोज घेत राहिलात तर पोट जाईल, मग किडनीवर येईल. ती कमी करायचीच आहे."

पुण्याला नोकरी करणाऱ्या माझ्या मुलीला मी हे फोनवर सांगितलं. तिच्या ऑफिसातल्या कोणीतरी एकवीस दिवस नुसत्या रसांवर काढले होते आणि म्हणे त्याची सगळी दुखणी गेली होती. तिनं मला चार व्हिडिओ पाठवले आणि आठवड्यात कुरिअरनं रस काढायचं मशीनही पाठवलं. मी ते व्हिडिओ पोळ्यांची कणीक भिजेपर्यंत ओट्याशी उभी राहून पाहिले. त्यातली बाई सांगत होती की एकवीस दिवसांत सगळं शरीर आतून धुऊन निघतं. माझा विश्वास बसला असं नाही. पण कोणीतरी आपल्या शरीरासाठी एकवीस दिवस ठरवून काही करू शकतं, याचंच मला नवल वाटलं.

रिपोर्ट घेऊन गेले तेव्हा मी डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"एकवीस दिवस? मुळीच नाही. तुम्ही ब्लडप्रेशरची गोळी घेता, साखर काठावर आहे आणि दिवसभर शेगडीसमोर उभ्या असता. चक्कर येऊन कढईवर पडाल."

"मग किती दिवस चालेल?"

"एका दिवसाचीही गरज नाही. शरीर धुवायला लिव्हर आहे, किडनी आहे. त्यांचं काम त्या करतात."

मग मीच बोलले, आणि इतकं एका दमात मी त्यांच्यासमोर कधी बोलले नव्हते. "डॉक्टर, मला एकदा स्वतःसाठी काही ठरवून करायचं आहे. तुम्ही म्हणता गोळी कमी करा, चहा कमी करा, वेळेवर जेवा. मी हो म्हणते आणि घरी जाऊन तेच करते. मला कुठेतरी थांबायला जागा पाहिजे."

त्यांनी रिपोर्ट पुन्हा पाहिला. किडनी चांगली होती. मग त्यांनी एक कोरा कागद ओढला आणि स्वतःच्या हातानं लिहायला लागल्या. पाच दिवस, त्याहून एक दिवस जास्त नाही. रस गाळायचा नाही, चोथ्यासकट प्यायचा. दिवसातून दोन ग्लास ताक, संध्याकाळी मुगाच्या वरणाचं पातळ पाणी. दुखण्याची गोळी पूर्ण बंद, बाकीच्या चालू. रोज सकाळी ब्लडप्रेशर मोजून त्यांना फोन करायचा. चक्कर आली तर त्याच मिनिटाला सोडायचं. लौकीचा, म्हणजे दुधी भोपळ्याचा, रस काढण्याआधी तिची चकती चाखून पाहायची, कडू लागली तर ती लौकी फेकून द्यायची, कारण कडू लौकीचा रस घातक असतो. आणि सगळ्यात खाली लिहिलं, संत्र्याचा रस नाही.

"संत्र्याचा नाही? डॉक्टर, डिसेंबर आहे. नागपूर आहे."

"साखर काठावर आहे," त्या म्हणाल्या. "पाच दिवस झाले की संत्री खा. रस नाही, फोडी."

मुलीच्या त्या व्हिडिओतल्या बाईनं याला रसाहार म्हटलंच नसतं. मला चालत होतं.

घरी आले आणि आईला सांगितलं. आई सत्तरीच्या पुढची, पाय दुमडून मेथी निवडत बसली होती. तिचे हात थांबले.

"काहून वं? घरात दाना सरला का?"

"तसं नाही आई. तब्येतीसाठी."

"तब्येतीसाठी माणूस खाते. उपाशी काहून राहीन?"

आईला राग का आला हे मला माहीत होतं. माझी आजी विड्या वळायची. तिच्या लहानपणी घरात चूल रोज पेटत नव्हती. लोक श्रावणात उपास धरत तेव्हा तीही धरायची, कारण बाकीच्या दिवशीही पोटात तेवढंच असायचं. छप्पन साली आजोबांनी आणि तिनं इथेच, या नागपुरात, दीक्षा घेतली. घरी आल्यावर तिनं सगळे उपास सोडले. ज्याच्या घरात दाणा आहे त्यानं पोटभर जेवायचं, आणि आपल्या घरात कोणी उपाशी झोपायचं नाही, असा तिचा नियम. तो नियम आईनं पाळला, आईनं मला दिला. मी डबे सुरू केले तेव्हा आईच सगळ्यात खूश झाली होती, ती त्याचमुळे. आणि आता मी, सत्तर लोकांना जेवू घालणारी, म्हणत होते की मी पाच दिवस जेवणार नाही.

"तुह्या आजीनं भूक काढली ती हौसेनं नाही काढली," आई म्हणाली. "तुले हौस आली का?"

मी तिच्याजवळ खाली बसले. बसताना गुडघ्यांनी आवाज केला तो तिनंही ऐकला. मी म्हटलं, "आई, मला भूक लागतच नाही. दिवसभर तोंड चालू असतं, जेवण मात्र होत नाही. आजीला भूक काय असते ते माहीत होतं आणि पोट भरणं काय असतं तेही माहीत होतं. मला दोन्ही माहीत नाही."

आई मेथी उचलून आत निघून गेली. संध्याकाळी मात्र तिनं विचारलं, "अन् मग मीठ कोन पाहीन?"

हा प्रश्न माझ्या डोक्यातच आला नव्हता. न चाखता सत्तर डबे करायचे कसे?

"तू," मी म्हटलं.

सोमवारी सकाळी सात वाजता मी पहिला ग्लास भरला. पालक, काकडी, लौकी, थोडं आलं, आवळा. लौकीची चकती आधी चाखली, गोडसर होती. बाहेर धुकं होतं, अंगावर स्वेटर, आणि हातात थंडगार हिरवा ग्लास. नवरा शेजारी चहा पीत होता. त्या चहाचा वास मला आजही आठवतो. मी नाक दाबल्यासारखं करून ग्लास संपवला. चव वाईट नव्हती, ओल्या गवतासारखी होती. पोळ्या करणाऱ्या बाया आल्या आणि ग्लास पाहून हसायला लागल्या. "ताई, म्हशीचा चारा पिऊन राहिल्या का?" मीही हसले.

दहा वाजेपर्यंत चहाविना डोकं ठणकायला लागलं. पण डोक्यापेक्षा हाताचा त्रास मोठा होता. वांग्याची भाजी झाली की हात आपोआप चमच्याकडे जायचा, चमचा तोंडाकडे. आई ओट्याशेजारी स्टूल टाकून बसली होती आणि हात वर गेला की "हं!" म्हणायची. अकरा वाजता तिनं सांगितलं, "एकोनतीस बार." एवढ्या वेळात मी एकोणतीस वेळा तोंडात काही ना काही टाकायला निघाले होते. हे मी रोज करत होते आणि मला पत्ता नव्हता. मी चाटच पडले.

आई मात्र स्टुलावर बसल्या बसल्या मालकीण झाली. चमचाभर भाजी तळहातावर घ्यायची, डोळे मिटायची आणि निकाल द्यायची. "मीठ बराबर. तिखट उलसं जास्त." कितीतरी वर्षांनी तिच्याकडे एखादं काम आलं होतं आणि ते तिच्यावाचून होणारं नव्हतं.

दुसरा दिवस वाईट गेला. गोळी बंद असल्यानं गुडघे असे दुखले की मोरीपर्यंत जाताना भिंत धरावी लागली. सकाळी ब्लडप्रेशर ठीक होतं, डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, चालू ठेवायला हरकत नाही. पण माझं मन चालू ठेवायला तयार नव्हतं. एका डब्यात पोळी कमी गेली म्हणून मी नवऱ्यावर ओरडले, आणि मग कळलं की चूक माझीच होती. दुपारी पडले आणि उशीत तोंड खुपसून रडले. नवरा दाराशी उभा राहिला.

"सोडून दे ना," तो म्हणाला. "कोनी तुले मेडल देऊन राहिलं का?"

"तुम्ही नका बोलू," मी म्हटलं.

तो गेला. मला वाटलं रागावला. अर्ध्या तासानं तो एक वाटी घेऊन आला. मुगाच्या वरणाचं पाणी, जिरं आणि चिमूटभर मीठ घातलेलं. चोवीस वर्षांच्या संसारात त्यानं गॅस पेटवून माझ्यासाठी काही शिजवल्याचं मला आठवत नाही. वाटीच्या तळाशी जळकं जिरं होतं. मी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले आणि ठरवलं, आता उद्याचा दिवस पाहायचा.

तिसऱ्या दिवशी मला जाग आली ती घशाशी आंबट न येता. मी पडूनच राहिले आणि वाट पाहिली, आता येईल, आता येईल. आलं नाही. पायांवर मोज्याचे वळ रोजच्यापेक्षा उथळ होते. डोकं हलकं होतं. आणि साडेअकराच्या सुमारास पोटात काहीतरी हललं, मोकळं मोकळं, थोडं ओढल्यासारखं. दुखणं नव्हतं ते. मला एक मिनिट लागलं ओळखायला. मला भूक लागली होती. मी आईला जाऊन सांगितलं तर ती मोठ्यानं हसली आणि तिनं पोळ्या करणाऱ्या बायांनाही सांगितलं. लेकरू पहिल्यांदा चाललं की सांगतात, तसं.

त्या दिवसापासून आई फक्त भाज्या चाखायला लागली. वरणाचा चमचा पुढे केला तर म्हणाली, "राहू दे, माहं पोट भरलं. वरनाले तुहा हात चुकत नाही."

चौथ्या दिवशी, गुरुवारी, सकाळचे डबे पोचवून रिकामे डबे घेऊन नवरा आला आणि म्हणाला, "तिसऱ्या मजल्यावरचा तो एक डबा आजही तसाच भरलेला वापस आला. परवा, काल अन् आज."

परवापासून. म्हणजे मी न चाखता करायला लागले त्याच्या दुसऱ्याच दिवसापासून. मी तो डबा उघडला. पोळ्या घडीत, भाजी तशीच, वरणावर साय धरलेली. चौदा वर्षांत माझा डबा असा कधी परत आला नव्हता. कोणाला आवडलं नाही तर अर्धा येतो, अजिबात न उघडता नाही. मी आईकडे पाहिलं. तिचा चेहरा उतरला होता. "मी तर बराबर पायलं होतं वं," ती म्हणाली.

मी म्हटलं, मीच जाऊन विचारते. एक ताजा डबा भरला, पिशवीत माझी गाजर-काकडीच्या रसाची बाटली टाकली आणि नवऱ्याच्या मागे स्कूटरवर बसले.

तिसऱ्या मजल्यावर अतिदक्षता विभागाबाहेर लांब बाक आहेत. नातेवाईक तिथेच बसतात, तिथेच आडवे होतात. बाकाच्या टोकाला एक म्हातारी बाई भिंतीला टेकून बसली होती, खांद्यावर शाल, पायात रबरी चपला. डबा तिच्या नावावर होता. तिचा मुलगा सुरतेला कामाला होता आणि त्यानं फोनवरून सांगून डबा लावला होता. ती दोघं, नवरा-बायको, रामटेककडच्या एका खेड्यात धानाची शेती करायची. नवऱ्याला चार दिवसांपूर्वी लकव्याचा झटका आला होता.

मी तिच्या शेजारी बसले आणि सांगितलं, डबा माझ्याकडून येतो. मग विचारलं, "मावशी, मीठ जास्त झालं होतं का? का तिखट?"

ती माझ्याकडे पाहत राहिली. "मी खोलूनच नाही पायला, बाई."

"काहून?"

"माया मानसाच्या नाकात नळी घातली आहे. त्याच्यातून पातळ पातळ देऊन रायले. त्याले गिळता नाही येत." तिनं शालीचं टोक घट्ट धरलं. "तिकडं तो पान्यावर आहे, अन् मी इकडं पोळ्या मोडू का? मायाच्यानं नाही होत."

"मग चार दिवस काय खाल्लं?"

"चाहा."

माझं सगळं मीठ, तिखट, हाताची चव, एका क्षणात बाजूला पडलं. तिचे ओठ सुकून गेले होते. मनगटं वाळकी. ही बाई अजून दोन दिवस अशीच बसली तर तिला आतल्या खाटेवर टाकावं लागेल, हे मला दिसत होतं. असे नातेवाईक मी पाहिले आहेत.

मी पिशवीतली बाटली काढून तिला दाखवली. "मीपण चार दिवस पातळच पिऊन राहिली."

"काहून? तुले काय झालं?"

मी सांगितलं. गुडघे, बोटं, पोट, गोळ्या. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हंजे तुले गिळता येते?"

"येते."

"अन् तरी तू खाऊन नाही रायली."

"तुम्हीबी तर तेच करून राहिल्या," मी म्हटलं.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती रडली नाही. आतून नर्स आली, दुसऱ्या कोणाचं नाव घेऊन गेली. मी डबा उघडून आमच्या दोघींच्या मधे बाकावर ठेवला. वरण-भात वाफाळत होता.

"तू खाशील तर खाईन," ती म्हणाली.

मला पाचव्या दिवसाची आठवण झाली. एक दिवस राहिला होता. मी मुलीला सांगितलं होतं, बायांना सांगितलं होतं, डॉक्टरीणबाईंच्या समोर मोठ्या तोंडानं बोलले होते. मी कधीच काही ठरवून पूर्ण केलं नाही, हे एक तरी पुरं करीन, असं मनाशी म्हटलं होतं. हे सगळं आठवलं, पण मला विचार करावा लागला असं म्हणणं खोटं होईल. मी डब्याच्या झाकणात थोडा भात घेतला, वरण घेतलं, कालवलं आणि पहिला घास तोंडात घातला. हळूहळू चावला. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, सोडाल तेव्हा मऊ भात आणि वरणावर सोडा.

तुरीच्या वरणाला इतकी चव असते हे मला माहीत नव्हतं. हिंग वेगळा लागला, गूळ वेगळा, भात वेगळा. आणि मीठ बरोबर होतं. कोणी चाखलेलं नसताना, नुसत्या अंदाजानं घातलेलं मीठ अगदी बरोबर होतं. मी घास गिळला आणि दुसरा कालवला.

म्हातारीनं माझ्याकडे पाहून पोळीचा तुकडा मोडला. पहिला घास तिनं खूप वेळ तोंडात घोळवला. दुसऱ्या घासाला तिनं डोळे मिटले. मग ती जेवायला लागली. दीड पोळी आणि अर्धा भात खाल्ला. मी माझ्या झाकणातला भात घास घास करून, तिच्याबरोबर संपेल असा, खात राहिले. शेवटी तिनं बाटलीतला रस मागितला. "तुया पान्याची चव तं पाहू," म्हणाली. एक घोट घेऊन तिनं तोंड वाकडं केलं आणि आम्ही दोघीही हसलो. चार दिवसांत ती पहिल्यांदा हसली असावी.

पुढचे दिवस दुपारी डबा घेऊन मीच जायला लागले. तिच्याजवळ बसायचे, माझंही ताट एका डब्यात असायचं. आठव्या दिवशी तिच्या नवऱ्याची नळी काढली आणि त्यानं चमच्यानं पेज घेतली. त्यानंतर आठवड्यानं ती दोघं गावी गेली. जाताना ती मला म्हणाली, "बाई, तू नसती आली तं मीबी अंदर राह्यली असती." मी तिचे हात हातात घेतले.

डॉक्टरीणबाईंना मी सगळं खरं सांगितलं. पाच म्हटलं होतं, चारच झाले. त्या म्हणाल्या, "चार पुष्कळ झाले. काय मिळालं ते सांगा."

मी विचार करून सांगितलं. चहा सुटला. दुखण्याच्या गोळीवाचून चार दिवस निघतात हे कळलं. मी दिवसभर किती आणि काय तोंडात टाकते ते पहिल्यांदा दिसलं. आणि भूक लागते.

"हे रसानं केलं असं वाटतं?"

"रसानं थांबवलं," मी म्हटलं. "बाकी मी केलं."

त्यांनी मान हलवली आणि मग समजावलं की रसानं संधिवात जात नाही, पुन्हा तसंच खात राहिले तर सूजही परत येईल आणि जळजळही. वजन उतरलं तर गुडघ्यांवरचा भार उतरेल, त्याला महिने लागतील. त्यांनी व्यायाम शिकवणाऱ्या बाईकडे पाठवलं. मी गेले.

आज त्याला बरेच महिने झाले. एकदम चमत्कार झाला असं मी कोणाला सांगत नाही. थंडीत बोटं अजून आखडतात, ब्लडप्रेशरची गोळी आहेच. पण दुखण्याची गोळी आता महिन्यातून एखाद-दोन वेळा लागते. जळजळ गेली. साखर काठावरून मागे सरकली. वजन उतरलं आहे, जिना मी कठडा न धरता चढते. सकाळी एक ग्लास रस घेते, चोथ्यासकट. साडेबारा वाजले की आमच्या घरी शेगड्या बंद होतात. मी, आई, पोळ्या करणाऱ्या दोघी, आम्ही चौघी ताटं वाढून खाली बसतो. सुरुवातीला नवऱ्याला वाटलं डब्यांना उशीर होईल. मी सांगितलं, आधी डबे जातील, मग मी जेवीन, पण बसून जेवीन. एकाही दिवशी उशीर झाला नाही. आता तोही संध्याकाळच्या भाजीचा कांदा चिरून देतो. बारीक नसतो, पण मी काही म्हणत नाही.

मुलगी मधे आली होती. तिला वाटत होतं आई एकवीस दिवस पूर्ण करील. मी म्हटलं, नाही झाले गं, आणि मला त्याचं वाईटही वाटत नाही. तिनं माझे रिपोर्ट पाहिले, जुने आणि नवे शेजारी ठेवून, आणि माझ्या गळ्यात पडली.

परवा मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. खाली आई शेजारणीशी बोलत बसली होती. शेजारीण म्हणत होती की तिच्या सुनेलाही ते रसाचं करायचं आहे. आईनं तिला आधी डॉक्टरकडे पाठवायला सांगितलं, लौकी चाखून पाहायलाही सांगितलं. मग म्हणाली, "माही पोरगी दहा दिवस रसावर होती. अन् सत्तर डबे रोज केले, एक चमचा नाही चाखला. कोनाले जमते का?"

मी वरून वाकून ओरडले, "आई, चार दिवस!"

आईनं वर पाहिलं. "तुले नाही समजत," ती म्हणाली, आणि शेजारणीकडे वळून पुढचं सांगायला लागली.